एतिमची आई

इदारा रेडिओवरच्या नाटकात बोलते, हे अख्ख्या गल्लीत फक्त तिच्या नणंदेला, न्वामाकाला ठाऊक होतं. शेजारपाजारच्यांना वाटायचं, ओबिओराची बायको रेडिओच्या कचेरीत झाडलोट करते. नटांची नावं सांगायची नाहीत असा वरून हुकूम होता, आणि इदाराला तो हुकूम फार सोयीचा होता. कारण दर शनिवारी संध्याकाळी उमुआहियातले लोक जिला तोंड भरून शिव्या देत, ती एतिमची आई म्हणजे इदाराच होती.

नाटकातली एतिमची आई बाजारात पामतेल विकायची. नवरा इग्बो, ती स्वतः दक्षिणेकडची, इबिबिओ. दिवसा गिऱ्हाइकांशी गोडगोड बोलायची आणि मागच्या दारानं आपल्या फौजेच्या बातम्या शत्रूला पोचवायची. असल्या घरभेद्याला त्या वर्षी, नायजेरियातून फुटून लढणाऱ्या बियाफ्रात, सगळे 'साबो' म्हणत. हातचं गाव गेलं की त्यामागे कुणीतरी साबो असलाच पाहिजे, अशी लोकांची खात्री होती. आणि एतिमची आई म्हणजे सगळ्या साबोंची आई.

इदाराही इबिबिओच. लग्नाला आठ वर्षं झाली होती. इग्बो ती सफाईनं बोलायची, स्वप्नंसुद्धा तिला इग्बोत पडायची. फक्त 'ज' तेवढा तिच्या जिभेला कधी वळला नाही. ओबिओरा आघाडीवर गेला, राहतं शहर एनुगू पडलं, तेव्हा तीन वर्षांच्या उगोला पाठीशी बांधून ती नणंदेच्या दारात आली. रेडिओच्या नाटकात बायका हव्यात आणि मोबदला मिठात मिळतो, ही बातमी न्वामाकानंच आणली. मिठासाठी त्या दिवसांत लोक अंगावरचं कापड उतरवून देत होते. इदारा गेली. तिला शेजारणीचं एक वाक्य वाचायला दिलं.

"येवण झालं का, ताई?" ती म्हणाली.

खोलीतले सगळे खो खो हसले. नाटकं लिहिणारे उवाक्वे मास्तर तेवढे हसले नाहीत. लढाईच्या आधी ते शाळेत शिकवायचे.

"पुन्हा म्हणा," ते म्हणाले.

तिनं जीभ सावरून, जपून म्हटलं, "जेवण झालं का, ताई?"

"असं नको. आधी आलं तसंच येऊ द्या."

पहिले दोन आठवडे तिला लाज वाटली. मग वाटेनाशी झाली. खरं सांगायचं तर तिला ते काम आवडायला लागलं. एतिमच्या आईला उवाक्वे मास्तरांनी नुसती वाईट केली होती. इदारानं तिला हसायला शिकवलं, गिऱ्हाइकाला लाडीगोडी लावायला शिकवलं. लोक तिच्या नावानं बोटं मोडत आणि तिची वाटही बघत. न्वामाका तर शनिवारी शेजाऱ्याच्या रेडिओला कान लावून बसायची आणि कुणी खोकलं तरी डोळे वटारायची. भावजय घरी परतली की म्हणायची, "काय गं सटवे, आज कुणाचा जीव घेतलास?"

एकदा तालमीत मास्तर अडले. एतिमची आई विमानांना खूण करते असं त्यांनी लिहिलं होतं, पण करते कशी? कुणी म्हणालं कंदिलानं, कुणी म्हणालं वाळत घातलेल्या लुगड्यांनी. काही केल्या त्यांना पटेना.

इदारा सहज म्हणाली, "आरसा. बाईच्या टोपलीत आरसा असायचाच की. उन्हात धरला की झालं."

मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "वा! ह्याला म्हणतात डोकं!" त्या शनिवारी तिला एक मूठ मीठ जास्त मिळालं.

दर गुरुवारी दुपारी गावाबाहेर मोठ्या झाडांखाली बाजार भरायचा; वरून विमानांना दिसू नये म्हणून. तिथं अदियाहा नावाची एक म्हातारी डोक्याला बांधायचे जुने रुमाल घेऊन बसायची. रुमाल द्यायची, बदल्यात कसाव्याचा भरडा, गारी, घ्यायची, नाहीतर सुरणाचा तुकडा. इदाराच्या माहेरापासून तिचं गाव अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होतं. ते गाव आता शत्रूच्या हातात होतं, आणि म्हातारी लेकीबरोबर शाळेतल्या निर्वासितांच्या छावणीत राहात होती. इदारा काही ना काही निमित्त काढून तिच्याकडे जायची. रुमाल नको असायचा; हवं असायचं ते आपल्या भाषेतलं बोलणं.

"आलीस?" म्हातारी म्हणायची. "सासरी तोंडाला कुलूप आणि इथं आली की नुसती भळाभळा सांडते. बस. डोकं इकडे कर." मग इदाराच्या डोक्याला ती एखादा पिवळा नाहीतर निळा रुमाल गुंडाळायची आणि तळहाताएवढा लाकडी चौकटीतला आरसा तिच्यासमोर धरायची. "बघ. अजून कुणी पळवून नेईल." तू काय करतेस, मीठ कुठून आणतेस, हे तिनं कधी विचारलं नाही.

सप्टेंबरात अबा शहर पडलं. तिथून पळालेली माणसं तीन दिवस रस्त्यानं येत होती. पाय सुजलेले, डोळे तारवटलेले. एवढं मोठं शहर आपसूक जातं का, कुणीतरी विकलं असणार, असं जो तो बोलत होता. त्या गुरुवारी इदारा आणि न्वामाका कडूपाल्याची भाजी आणायला बाजारात गेल्या होत्या. उगोला शेजारणीकडे ठेवलं होतं.

अदियाहापुढे अबाहून आलेला एक माणूस उभा होता. त्यानं बायकोसाठी रुमाल मागितला, आणि बदल्यात द्यायला त्याच्याकडे काही नव्हतं. म्हातारी म्हणाली, "यरा थांब, बाबा. फाटका चालेल तर तसाच ने."

शेजारच्या मिरचीवालीला हसू आलं. "अगं बाई! ही तर एतिमच्या आईसारखी बोलते!"

दोघीचौघी हसल्या. म्हातारीही हसली. तो माणूस हसला नाही. "कुठली गं तू?" त्यानं विचारलं. तिनं गावाचं नाव सांगितलं. "ते गाव शत्रूकडे आहे. मग तू इकडे काय करतेस?" त्याचा आवाज चढला, तशी माणसं जमली. कुणीतरी पायानं टोपली कलंडवली. रुमाल मातीत पसरले आणि त्यांच्यातून आरसा घरंगळत बाहेर आला.

मिरचीवाली दोन पावलं मागे सरकली.

"आरसा!" एक बाई किंचाळली. "हिच्याकडे आरसा आहे!"

इदारा पुढे झाली होती. तोंड उघडणार तोच न्वामाकानं तिचं मनगट असं आवळलं की हाडावर नखं रुतली. "एक शब्द काढू नकोस," ती कानाशी म्हणाली. "तुझाही 'ज' तसलाच. तुलाही धरतील. मग उगोला कोण बघेल?"

म्हातारीनं गर्दीतून इकडे पाहिलं. तिला इदारा दिसली, यात शंका नाही. तिनं मान फिरवली आणि दुसरीकडे बघायला लागली. पहिला फटका बसला तेव्हा ती आपल्या भाषेत ओरडली. त्या झाडांखाली तिचं बोलणं कळणारी एकटी इदारा होती. न्वामाकानं मनगट शेवटपर्यंत सोडलं नाही. फार वेळ लागला नाही. ज्यांनी मारलं त्यांच्यातल्या निम्म्यांना इदारा तोंडओळखीनं ओळखत होती. एक तर गल्लीच्या तोंडाशी चपला शिवणारा, साधा, देवभोळा माणूस. नंतर दंडाला पट्टी बांधलेले दोघे नागरी पहारेकरी आले आणि त्यांनी म्हातारीचं प्रेत पाय धरून कसाव्याच्या शेतापलीकडच्या चरात नेऊन टाकलं.

घरी आल्यावर न्वामाकानं पाणी तापवलं आणि इदाराचं मनगट धुतलं.

"खरंच साबो असेल तर?" न्वामाका म्हणाली.

"ती रुमाल विकायची."

"मला काय ठाऊक? तिकडे उत्तरेत, कादुनात, माझ्या नवऱ्याला ज्यांनी मारलं ना, तेही रोज त्याच्याच दुकानातून साखर न्यायचे. कोण काय असतं ते कपाळावर लिहिलेलं नसतं, बाई."

शनिवारी इदारा तालमीला गेली तेव्हा मास्तरांनी नवे कागद हातात दिले. एतिमची आई पकडली जाते. भर बाजारात, झाडांखाली. एक निर्वासित माणूस तिला ओळखतो, टोपली कलंडते, आरसा सापडतो आणि जागरूक नागरिक तिला शासन करतात. इदारानं कागद दोनदा वाचले.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बातमी आली होती कचेरीत. आयतीच गोष्ट." मास्तर तिच्याकडे बघून थांबले. "काय झालं?"

"ती साबो नव्हती. गिऱ्हाइकाला रुमाल कसा दिसतो ते दाखवायला आरसा होता तो. आणि नाटकात आरसा घाला, असं मी सांगितलं होतं तुम्हाला. मी."

मास्तरांनी चष्मा काढला. "तुमच्या ओळखीची होती का?"

"ओळखीची नसती तर चाललं असतं?"

मास्तर सदऱ्याच्या टोकानं काचा पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "माझ्या धाकट्या भावाला उत्तरेत, जोसच्या स्टेशनावर, धरलं होतं. तिकडच्या लोकांच्या भाषेतला एक शब्द म्हणायला लावला. त्याला तो नीट म्हणता आला नाही. गर्दी कशी असते हे मला चांगलं माहीत आहे, बाई. म्हणून तर लिहिता येतं."

"माहीत असून लिहिलंत?"

"माहीत असून." त्यांनी चष्मा परत लावला. "कागदावर शिक्का बसलाय. तुम्ही नाही बोललात तर दुसरी कुणी बोलेल. वाईट बोलेल, एवढंच."

"निदान आरसा काढा."

"आरसा काढला तर राहतं काय?"

इदारा निघून गेली असती. पण उगोचे केस महिन्याभरापासून उपासमारीनं तांबूस पडायला लागले होते आणि पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहात होता. भिंतींना चटया लावलेल्या त्या खोलीत ती माइकपुढे उभी राहिली आणि लिहिलं होतं ते सगळं बोलली. एतिमच्या आईनं मोडक्यातोडक्या इग्बोत दयेची भीक मागितली, गुन्हा कबूल केला, शत्रूचं नाव घेत मेली. बाकीचे नट गर्दीचा गलका करत होते. इदाराला कुठं थांबायचं, कुठं आवाज फुटू द्यायचा, हे सगळं आपोआप सुचत गेलं. इतकं चांगलं काम तिनं त्याआधी केलं नव्हतं.

घरी न्वामाका दारातच उभी होती. तिचे डोळे लाल झाले होते. "सगळी गल्ली नाचत होती," ती म्हणाली. आणि मग खालच्या आवाजात, "आज तू अगदी खरी वाटलीस गं."

त्या दिवशी मिळालेलं मीठ इदारानं पानात बांधलं आणि सोमवारी सकाळी छावणीत नेलं. अदियाहाच्या लेकीचं नाव मायेन. ती दोन मुलांना पुढ्यात घेऊन शाळेच्या व्हरांड्यात बसली होती. आई मेली हे तिला कळलं होतं; कुठं टाकली हे माहीत नव्हतं, आणि गावात जाऊन विचारायची तिची छाती नव्हती.

इदारानं आपल्या भाषेत नाव सांगितलं, माहेर सांगितलं. मायेननं मध्येच थांबवलं.

"तू कोण आहेस ते ठाऊक आहे मला. इथं सगळ्यांना ठाऊक आहे. आईनं पहिल्याच शनिवारी तुला ओळखलं. म्हणाली, अगं, ही तर माझी गुरुवारची पोर. मी म्हटलं, तोंडावर थुंक तिच्या. तर म्हणाली, घरात लेकरू आहे तिच्या, बोलू दे. बोलल्यानं का कुणी मरतं?"

इदारा उभीच राहिली. मिठाचं पान तिच्या हातात होतं. मायेननं ते बघितलं, मुलांकडे बघितलं, आणि हात पुढे करून घेतलं. "आभार मानणार नाही," ती म्हणाली.

"नको मानूस. ती कुठं आहे ते मला माहीत आहे. आत्ता येतेस?"

दोघी भरउन्हात निघाल्या. कसाव्याच्या शेताअलीकडे वाटेवर आडवा बांबू होता आणि तिथं दोन पहारेकरी बसले होते. मिसरूडही धड न फुटलेले, एकाच्या हातात कोयता. मायेनला इग्बो जेमतेम यायचं. इदारा म्हणाली, "पुढच्या शेतात मुळं खणायला चाललोय, दादा." जपूनच म्हणाली; पण पाठोपाठ "जाऊ द्या" म्हणताना 'ज' निसटला.

कोयतेवाला उठून उभा राहिला. तिच्या तोंडाकडे टक लावून बघितलं, आणि एकदम त्याचा चेहरा फुलला. "अरे! हा आवाज! एतिमची आई! तूच ना? खरं सांग!"

आता नाही म्हणण्यात अर्थ नव्हता, आणि हो म्हणण्यातही धोका होता. "हो," इदारा म्हणाली. "रेडिओवर काम करते. सरकारी काम."

"अगं, पण तू तर परवा मेलीस!" तो मांडीवर हात मारून हसला. "ए, इकडे ये रे, बघ कोण आलंय! बाई, काय मेलीस पण! माझी आजी देवाचे आभार मानत होती. जरा म्हणून दाखव ना. ते शेवटचं, भीक मागतानाचं."

"उशीर होतोय, दादा."

"म्हण की. म्हटल्याशिवाय बांबू उचलणार नाही." तो हसतच होता, पण बांबूवर त्यानं पाय ठेवला. दुसऱ्याची नजर मायेनकडे वळली होती. "ही बोलत का नाही?" त्यानं विचारलं.

इदारानं मायेनकडे पाहिलं नाही. ती मायेनच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि बोलायला लागली. एतिमच्या आईचं रडणं, नाक ओढणं, मोडकं इग्बो, पाया पडणं, कबुली. कागदावरचा एकही शब्द न गाळता. पहारेकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बांबू वर गेला.

चर उथळ होता. पावसानं वरची माती थोडी धुतली गेली होती, त्यामुळे शोधावं लागलं नाही. दोघींनी हातांनी आणि एका तुटक्या फाळानं वर माती ओढली, दगड रचले. मायेननं जे म्हणायचं असतं ते पुटपुटलं. इदारा चार पावलं मागे राहिली. तिला कुणी जवळ बोलावलं नाही.

परत निघायच्या आधी मायेननं विचारलं, "मघाशी त्या पोरांपुढे बोललीस. आई तशीच बोलली का शेवटी?"

"नाही."

"मग?"

"आपल्याच भाषेत बोलली. 'कापड आहे, नुसतं कापड आहे,' म्हणत होती."

मायेन तिथंच मटकन बसली आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडली. शांत झाल्यावर तोंड पुसून म्हणाली, "मला त्या बांबूपलीकडे पोचव. त्यानंतर मात्र छावणीत येऊ नकोस."

इदारा पुन्हा गेली नाही. पंधरा दिवसांनी मास्तरांचा निरोप आला: नवं नाटक आहे, दवाखान्यातल्या परिचारिकेचं, औषधात विष कालवते. इदारानं नाही म्हणून कळवलं. न्वामाका तीन दिवस तिच्याशी भांडली. "पोरीला काय तुझा पश्चात्ताप उकडून घालणार आहेस?" इदारा लाकडं फोडायची, सरडे धरायची, दुसऱ्यांच्या शेतात उरलेली मुळं उकरायची. मास्तरांनी दोनदा स्वतःच्या वाट्याचं मीठ पाठवलं, आणि दोन्ही वेळा तिनं ते ठेवून घेतलं. तरी नाताळापर्यंत उगोच्या पायांबरोबर तोंडही सुजलं. पाद्र्यांच्या दवाखान्यातल्या बाईंनी तिला आजारी मुलांना परदेशी नेणाऱ्या विमानात घातलं. कुठं नेतायत ते विचारायलाही वेळ मिळाला नाही. मनगटाला नावाची चिठ्ठी बांधली आणि नेली. एप्रिलात उमुआहियाही पडलं. ओबिओराची काहीच खबर आली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

लढाई संपल्यावर दहा महिन्यांनी मुलं परत आली. पोर्ट हार्कोर्टला एका गोदामात आईबापांना बोलावलं होतं. न्वामाका बरोबर आली होती. उगो आता उंच झाली होती, गाल भरले होते, केस काळे होते. अंगात कुणीतरी दिलेला निळा झगा होता. ती एका बाकावर दुसऱ्या मुलीशी बोलत होती. भरभर, नाकातून, त्या परदेशातल्या लोकांच्या भाषेत.

इदारानं तिला इग्बोत हाक मारली. पोरीनं मान वर केली, ओळखीचं काही आहे का ते बघितलं, आणि पुन्हा मैत्रिणीकडे वळली. इदारा जवळ गेली. मग तिनं, पोरीशी आजवर कधी बोलली नव्हती त्या आपल्या माहेरच्या भाषेत, विचारलं, तुला भूक लागली आहे का. उगो नुसती बघत राहिली.

"अगं, जरा मोठ्यानं बोल तिच्याशी," न्वामाका मागून म्हणाली. "विसरली असेल."

इदारानं न्वामाकाच्या पिशवीतून उकडलेल्या सुरणाचा तुकडा काढला आणि पुढे धरला. उगोनं तो हुंगला, थोडा खाल्ला, मग उरलेला मैत्रिणीला दिला. नोंदवहीवाला कारकून ओरडत होता, ज्यांची पोरं मिळाली त्यांनी अंगठा करून बाहेर व्हा. इदारानं सही केली, पोरीचा हात धरला आणि तिघी उन्हात बाहेर पडल्या.